प्रयोग कोणाचा, परीक्षा कोणाची?

अमेरिकेत फुटबॉल या नावाने जो खेळ चालतो, त्यात चेंडूला पाय क्वचितच लागतो, ही गोष्ट गोमंतकात वाढलेल्या माणसाला आरंभी मोठी विचित्र वाटते. मलाही वाटली. तथापि गेली काही वर्षे ऑगस्ट महिन्यात पहाटे साडेचारला उठून मी त्या खेळाचे सराव-सामने पाहत आलो आहे, आणि घरच्यांच्या थट्टेलाही आता सरावलो आहे.

तेथील व्यावसायिक संघांचा, म्हणजे एन.एफ.एल.चा, खरा हंगाम सप्टेंबरात सुरू होतो. तत्पूर्वी प्रत्येक संघ बहुधा तीन सामने खेळतो (२०२१ पूर्वी चार असत). त्यांचे निकाल गुणतक्त्यात धरले जात नाहीत. म्हणूनच प्रशिक्षक या दिवसांत बचावाच्या आघाडीची मांडणी बदलून पाहतात.

ही मांडणी म्हणजे काय, हे विद्यार्थिमित्रांना थोडे सांगितले पाहिजे. चेंडू ज्यांच्याकडे असतो त्यांना चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकावे लागते. त्यांच्या आघाडीला पाच धिप्पाड गडी वाकून उभे असतात. त्यांच्यासमोर बचाव करणाऱ्यांचे कधी तीन, कधी चार गडी ठाकतात, आणि त्यांच्या पाठीशी लाइनबॅकर असतात. पुढे तीन की चार, हा झाला ढोबळ प्रश्न. खरी मौज त्याहून सूक्ष्म आहे. मधल्या गड्याला समोरच्या सेंटरच्या अगदी नाकासमोर उभे केले, तर दोघांना अंगावर घेऊन थोपवून धरणे हे त्याचे काम. त्यालाच हातभर बाजूला सरकवून दोघांमधल्या फटीसमोर उभे केले, की फट भेदून आत घुसणे हे त्याचे काम. माणूस तोच, अंतर हातभर; परंतु पहिल्या कामाला हत्तीचे बळ हवे, दुसऱ्याला चित्त्याची झेप.

असे प्रयोग वाया जात नाहीत. १९७२ साली मायामी डॉल्फिन्सचे बचाव-प्रशिक्षक बिल आर्न्सपार्गर यांनी वेळोवेळी आघाडीचा एक गडी कमी करून त्याच्या जागी बॉब मॅथिसन हा लाइनबॅकर आणला. त्याच्या पाठीवरचा आकडा ५३. त्यावरून त्या मांडणीलाच ‘५३’ म्हणू लागले. त्या हंगामात मायामीने १७ पैकी १७ सामने जिंकले. उलट २००८ साली डेट्रॉइट लायन्सने सरावाचे चारही सामने जिंकले आणि खऱ्या हंगामातील सोळाच्या सोळा गमावले! २०१७ साली क्लीव्हलँड ब्राउन्सची हीच गत झाली. तेव्हा सरावात मांडणी मोडली म्हणून ओरडणाऱ्या प्रेक्षकांशी मी सहमत नाही.

मला खटकते ते निराळेच. सामन्याचा निकाल धरला जात नाही; गड्याचा मात्र धरला जातो. उन्हाळी सरावास प्रत्येक संघात ९० जण असू शकतात. हंगामापूर्वी त्यांतले ५३ ठेवायचे असतात. काहींना सराव-पथकात जागा मिळते, बाकीचे घरची वाट धरतात. नामांकित खेळाडू या सामन्यांत फारसे उतरत नाहीत. म्हणजे प्रयोग होतो तो बहुधा नोकरीच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या तरुणांवर. चित्त्याच्या जातीच्या मुलाला प्रशिक्षक कुतूहलापोटी सेंटरच्या नाकासमोर उभा करतो, दोघे मिळून त्याला मागे रेटतात, आणि चित्रफितीत उरते ते त्याचे मागे रेटले जाणे.

कोणी म्हणेल, नव्या जागी कोण निभावतो हेच तर पाहायचे असते. मान्य. दोन जागा सांभाळणारा गडी कोणत्या संघाला नको असतो? परंतु ती जागा त्याला आधी पुष्कळ दिवस शिकवली पाहिजे. एका संध्याकाळी तेथे ढकलून दिले, तर परीक्षा प्रशिक्षकाच्या कल्पनेची होते आणि नापास होतो तो पोरगा.

हे मी अधिकाराने नव्हे, अपराधाच्या जाणिवेने लिहितो. चार वर्षांपूर्वी शाळेच्या संघाच्या सरावात, आमच्या पायाने खेळायच्या फुटबॉलमध्ये, डाव्या बगलेवर उत्तम खेळणाऱ्या एका मुलाला मी ‘बघू या तर’ म्हणून बचावाच्या मध्यभागी उभे केले. तीन गोल झाले. मुले त्याला हसली. प्रयोग माझा होता, हे मी कोणालाच सांगितले नाही. पुढच्या आठवड्यात तो मैदानावर आला नाही. विचारले तेव्हा खाली पाहून, “सर, म्हाका जमना,” एवढेच म्हणाला.

तेव्हापासून मी एक वही ठेवतो. कोणाला कोठे आणि किती दिवस शिकवून उभे केले, हे सामन्यापूर्वी तीत लिहितो व मुलांच्या देखत वाचून दाखवतो. अमेरिकेतील प्रशिक्षकांपाशी माझ्याहून पुष्कळ साधने आहेत. गडी निवडण्याच्या बैठकीत चित्रफितीशेजारी अशी एक वही असावी, एवढेच माझे मागणे आहे. तो मुलगा यंदा अकरावीत गेला. डाव्या बगलेवर छान खेळतो असे ऐकतो. पण दुसऱ्या संघाकडून.