माप ओलांडले, सीमा ओलांडेना

पैनगंगेचे पाणी कोणी किती घ्यावे याचा निवाडा करावयाचा झाला, तर दोन राज्यांचे मुख्यमंत्री एकत्र बसतात आणि करार करतात. चनाका-कोरटा बंधाऱ्याच्या बाबतीत महाराष्ट्र आणि तेलंगण यांच्यात २०१६ साली तसे घडले आणि ते योग्यच झाले. परंतु त्याच नदीच्या उत्तर काठावरून दक्षिण काठावर जी मुलगी लग्न होऊन जाते, ती यापुढे कोणत्या राज्याची, हा प्रश्न सोडविण्यासाठी मात्र आजवर कोणी बसलेले नाही. पाण्याला वकील मिळाले. लेकीला मिळालेले नाहीत.

आदिलाबाद हे नाव आमच्या किनाऱ्यावरील वाचकाला दूरचे वाटेल. पण तो मुलूख मराठीला परका नाही. बेला, जैनद, तामसी, बोथ या भागांतील बाजारपेठांत तेलुगूबरोबर मराठी आणि गोंडीही सहज कानी पडते. तेथील कापूस उत्पादकाची सोयरीक पांढरकवड्याशी, किनवटशी, राजुऱ्याशी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. किनवट आणि राजुरा हे तालुके तर १९५६ पर्यंत निजामी हैदराबादच्या आदिलाबाद जिल्ह्यातच होते. राज्यपुनर्रचनेत ते मुंबई राज्याकडे आले. उलट नांदेड जिल्ह्यातील मुधोळ, भैंसा आणि कुबेर ही मंडळे आंध्र प्रदेशाकडे गेली. १९५५ साली किनवटची मुलगी बोथला दिली असती, तर तिने तालुका बदलला असता. १९५७ साली त्याच वाटेने तीच वरात गेली, तेव्हा मुलीने राज्य बदलले. वाट तीच आणि नातेही तेच. बदलला तो फक्त नकाशा. २०१६ मध्ये तेलंगणाने जुन्या आदिलाबादचे चार जिल्हे केले. आता आदिलाबाद, निर्मल, मंचेरियाल आणि कुमुरम भीम आसिफाबाद अशा चार कचेऱ्या झाल्या. माणसांचा बेटीव्यवहार मात्र जुन्याच नकाशाने चालू राहिला.

लग्न लागले, माप ओलांडले, नाव बदलले, की आमच्या समाजाच्या दृष्टीने मुलगी सासरची झाली. शासनाच्या दृष्टीने ती होतेच असे नाही. माहेरच्या शिधापत्रिकेतून नाव वगळल्याचा कागद आणल्याखेरीज सासरच्या पत्रिकेत तिचे नाव चढत नाही. आणि तेलंगणात तर नव्या पत्रिका देण्याचे कामच अनेक वर्षे रखडून २०२५ मध्ये पुन्हा हाती घेतले गेले. मतदारयादीतील बदल, आधारपत्रावरील पत्ता, बँकेतील नाव, विवाहनोंदणी या प्रत्येक ठिकाणी शाळा सोडल्याचा मराठी दाखला तेलुगू वाचणाऱ्या कारकुनासमोर ठेवावा लागतो. हे सारे त्रासाचे आहे, पण अखेरीस होऊन जाते. खरा अडसर याच्या पलीकडे आहे.

क्षणभर दूरचे उदाहरण घेऊ. चीनमधील एखादी स्त्री अमेरिकन नागरिकाशी विवाह करून त्या देशी जाते. भाषा परकी, अन्न परके, कायदा परका. विवाहाला दोन वर्षे झालेली नसतील, तर तिला प्रथम दोन वर्षांचा सशर्त वास्तव्याचा परवाना मिळतो. संसार खरा आहे, केवळ कागदावरचा नाही, हे पतीपत्नींनी मिळून सिद्ध केले म्हणजे शर्त सुटते आणि वास्तव्य कायमचे होते. कायम वास्तव्याची तीन वर्षे पतीसह काढल्यावर ती नागरिकत्वासाठी अर्ज करू शकते. चीनचा कायदा दुहेरी नागरिकत्व मानीत नसल्यामुळे कित्येकजणी जन्मदेशाचे पारपत्र सोडावे की नाही या विचारात अडखळतात, हे खरे. तेथील कचेऱ्या दयाळू आहेत असेही आम्ही म्हणत नाही. मुलाखती, फिया आणि प्रतीक्षा यांनी माणूस मेटाकुटीस येतो. पण त्या वाटेला शेवट आहे, हे महत्त्वाचे.

आणि ही वाट अमेरिकेने उदारपणे आरंभापासून खुली ठेवली होती, असेही कोणी समजू नये. १८८२ मध्ये त्या देशाने चिनी मजुरांना कायद्याने दार बंद केले आणि ते १९४३ पर्यंत बंद ठेवले. नागरिकत्वास अपात्र ठरविलेल्या आशियाई पुरुषाशी विवाह करणाऱ्या अमेरिकन स्त्रीचे स्वतःचे नागरिकत्वच १९३१ पर्यंत हिरावून घेतले जाई. चिनी पत्नींना तुटपुंज्या वार्षिक मर्यादेतून मोकळीक मिळाली ती १९४६ मध्ये. इतका वंशद्वेष उराशी बाळगलेल्या राष्ट्रालाही अखेर एवढे कळले, की ज्या स्त्रीने येथे घर केले तिला किती वर्षांनी ‘येथली’ म्हणावयाचे, याचे उत्तर कायद्याने दिले पाहिजे.

आता आदिलाबादकडे वळू. तेलंगणात शासकीय नोकरभरती २०१८ च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार होते. राज्यघटनेच्या ३७१ ड या अनुच्छेदाखाली काढलेल्या या आदेशाने जिल्हा पातळीवरील ९५ टक्के जागा ‘स्थानिक’ उमेदवारांसाठी राखल्या आहेत. आणि स्थानिक कोण, हे मुख्यतः ठरते ते पहिली ते सातवीचे शिक्षण कोठे झाले यावरून. पांढरकवड्याच्या शाळेत शिकलेली मुलगी आदिलाबादला नांदावयास गेली, तिने पतीच्या शेतात तीस वर्षे कापूस वेचला, तिची मुले आदिलाबादच्या शाळेत शिकून स्थानिक ठरली, तरी ती स्वतः स्थानिक ठरत नाही. चिनी स्त्रीला वॉशिंग्टनचे सरकार काही वर्षे थांबावयास सांगते. आमच्या मुलीला किती वर्षे थांब, एवढेही कोणी सांगत नाही. कारण बालपण पुन्हा जगता येत नाही.

विस्मयाची गोष्ट ही की, या बाबतीत निजामाचा कायदा अधिक समंजस होता. हैदराबाद संस्थानातील मुलकी नियमांचा उगम १९१९ च्या फर्मानात आहे. त्या नियमांप्रमाणे मुलकी ठरण्याचे काही मार्ग होते: जन्म, १५ वर्षांचे कायम वास्तव्य, आणि मुलकी पुरुषाची पत्नी असणे. ज्या राजवटीविरुद्ध हैदराबादच्या जनतेने तुरुंग भरले, तिचे गोडवे आम्ही गाणार नाही. परंतु सुनेला घरची मानावयाचे, हे जे सरंजामी दरबाराला उमगले, ते लोकशाहीला उमगू नये, याची खंत वाटल्याशिवाय राहत नाही. १९७३ मध्ये मुलकी नियम रद्द झाले, १९७५ मध्ये नवा राष्ट्रपती आदेश आला, आणि त्या उलथापालथीत ‘मुलकीची पत्नी’ कागदावरून पुसली गेली.

तेलंगणाची बाजू नाकारण्याचा आमचा हेतू नाही. बाहेरच्यांनी नोकऱ्या बळकावल्या, ही त्या प्रदेशाची वेदना खरी होती. १९५२ चे मुलकी आंदोलन, १९६९ चा उठाव आणि अखेर २०१४ मधील स्वतंत्र राज्य हा सारा इतिहास त्या वेदनेतून घडला. आदिलाबादच्या डोंगरांतील गोंड आणि कोलाम यांनी तर जमीन गमावण्याचे दुःख अधिक सोसले आहे. त्याच दुःखातून १९४० मध्ये जोडेघाट येथे कुमराम भीमाने प्राण वेचले. अशा भूमीत ‘स्थानिक’ हा शब्द संरक्षक तटबंदीसारखा जपला गेला, तर त्यात नवल नाही. पण तटबंदी आक्रमकाला रोखण्यासाठी असते. घरात विधिपूर्वक आणलेल्या सुनेलाच ती बाहेर ठेवू लागली, तर तटाचा दरवाजा कोठे असावा याचा विचार पुन्हा केला पाहिजे.

एका बाबतीत मात्र सावधपणा हवा. अनुसूचित जाती आणि जमातींच्या सवलती राज्यनिहाय यादीवर अवलंबून असतात. सर्वोच्च न्यायालयाने १९९० पासून सातत्याने सांगितले आहे, की एका राज्यातील यादीचा लाभ स्थलांतर करून दुसऱ्या राज्यात मागता येत नाही. आणि विवाहाने स्थलांतर झालेल्या स्त्रीलाही तोच नियम २०१८ मध्ये लागू झाला. आदिलाबादेत याचे कारण डोळ्यांसमोर आहे. लंबाडा समाज तेलंगण भागात १९७६ च्या कायद्याने अनुसूचित जमातीत आला. त्याच समाजातील महाराष्ट्रातील बंजारा मात्र विमुक्त जातींत राहिले. नदी ओलांडताच दर्जा बदलतो, म्हणून पलीकडून लोक आले, असा आदिवासींचा आक्षेप आहे आणि २०१७ मध्ये त्यावरून त्या भागात मोठा संघर्ष उसळला. विवाह हा राखीव जागांचा चोरदरवाजा होऊ नये, हे आम्हांलाही मान्य आहे. जात आणि जमात जन्माने ठरते, हा नियम तसाच राहावा. पण रहिवास जन्माने ठरत नसतो, तो राहण्याने ठरतो. या दोन गोष्टींची गल्लत करून सुनेला दोन्हीकडून वंचित ठेवणे हा न्याय नव्हे.

मार्ग नाही असेही नाही. महाराष्ट्राने २०२४ मध्ये लाडकी बहीण योजना काढली, तेव्हा परराज्यात जन्मलेल्या सुनेचा प्रश्न आलाच. महाराष्ट्रात अधिवास असलेल्या पुरुषाशी विवाह झाला असेल, तर पतीचा जन्मदाखला, शाळेचा दाखला अथवा अधिवास प्रमाणपत्र ग्राह्य धरावे, असे शासनाने ठरविले आणि प्रश्न सुटला. खुद्द आंध्र-तेलंगणाच्या अंगणवाडी भरतीतही गावात राहणारी विवाहित स्त्री ही अट दीर्घकाळ चालत आली आहे. म्हणजे अल्प मानधनाच्या कामासाठी सून गावची आणि पगारी पदासाठी ती परकी! हा भेद कोणत्या तत्त्वावर उभा आहे, हे कोणी समजावून सांगेल काय?

दुसऱ्याला उपदेश करताना आपले अंगणही झाडावे लागते. गोव्यात सरकारी नोकरीसाठी १५ वर्षांच्या वास्तव्याचा दाखला मागितला जातो. सावंतवाडीची, कारवारची, बेळगावची किती मुलगी आमच्या घरांत सुना म्हणून आल्या आहेत, हे प्रत्येक वाचकाने आपल्या कुळात मोजून पाहावे. तिला ओटी भरून घरात घेणारे आपण मामलेदाराच्या कचेरीत तिला परकी मानले जाते तेव्हा किती वेळा बोललो आहोत? सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये प्रदीप जैन प्रकरणी स्पष्ट केले, की भारतात अधिवास एकच, तो भारताचा. राज्याराज्यांचे वेगळे अधिवास आमच्या घटनेला ठाऊक नाहीत. हे तत्त्व निकालपत्रात राहिले. तहसिलीच्या खिडकीपर्यंत ते उतरलेले नाही.

आणखी एक मुद्दा आम्हांला अधिक गंभीर वाटतो. सुनेचा दर्जा पतीच्या कागदावर टांगला, तर पती गेल्यावर अथवा त्याने टाकल्यावर तिचे काय? यवतमाळ आणि आदिलाबाद ही दोन्ही कापसाची, आणि शेतकऱ्यांच्या आत्महत्यांचीही भूमी. तेथे तरुण विधवा ही कल्पनेतील व्यक्ती नाही. वारसा कायदा तिला पतीच्या जमिनीचा हिस्सा देतो. पण त्या जमिनीवर टिकून राहावयाचे तर उत्पन्न हवे आणि उत्पन्नासाठी नोकरीचे दार उघडे हवे. अमेरिकेने १९९४ च्या कायद्याने छळ सोसणाऱ्या पत्नीला पतीच्या सहीवाचून स्वतः अर्ज करण्याचा हक्क दिला, तो याच जाणिवेतून. आदिलाबादच्या सुनेलाही विवाहाने मिळणारा रहिवास ठरावीक वर्षांनंतर तिचा स्वतःचा झाला पाहिजे. वैधव्याने अथवा घटस्फोटाने तो हिरावला जाता कामा नये.

म्हणून आमची मागणी मोजकी आहे. नोंदलेला विवाह आणि त्यानंतर त्या जिल्ह्यातील पाच वर्षांचे सलग वास्तव्य यांवर स्त्रीला त्या जिल्ह्यापुरते स्थानिक मानावे, अशी दुरुस्ती राष्ट्रपती आदेशात व्हावी. शिधापत्रिकेतील नाव वगळणे आणि चढविणे हा दोन कचेऱ्यांमधला पत्रव्यवहार असावा. त्यासाठी तान्हे मूल कडेवर घेऊन बाईने दोन राज्यांचे हेलपाटे घालू नयेत. सीमेवरील मंडलांत मराठी दाखला वाचू शकणारा एक तरी कर्मचारी असावा.

आणि सुनेच्या बाजूनेही एक कर्तव्य आहे. तिने तेलुगू शिकावी, लिहावी, वाचावी. तेलंगणाने २०१८ च्या कायद्याने तेलुगू शाळांत सक्तीची केली आहे. मुले ती शिकतच आहेत, आईने मागे राहू नये. मराठी घरात नांदेल, तेलुगू कचेरीत आणि बाजारात उपयोगी पडेल. ज्या मातीत राहावयाचे तिची भाषा शिकल्याने माहेरची भाषा उणी होत नाही. गोमंतकीयांना हे वेगळे सांगण्याची गरज नाही; अनेक भाषांत वावरूनही आम्ही आमचे देव आणि आमची बोली जपली.

जिवतीच्या डोंगरात महाराष्ट्र आणि तेलंगण या दोघांचाही दावा असलेली १४ गावे आहेत. तेथील माणसांजवळ दोन्ही राज्यांच्या शिधापत्रिका आणि दोन्हीकडची मतदार ओळखपत्रे आढळतात. जमिनीसाठी दोन राज्ये भांडतात तेव्हा माणसाला दोन्हीकडचे कागद मिळतात. आणि त्याच सीमेवर सून म्हणून आलेल्या स्त्रीला एकाही बाजूचा पक्का हक्क मिळत नाही. पैनगंगेवर ज्यांनी बंधारा बांधला, त्यांना तिच्यावर एक पूल बांधणे अवघड जाऊ नये. त्याला सिमेंट लागत नाही. कायद्यातील एक ओळ पुरते.