धाप लागते ती फक्त वयाने नव्हे



पाळी गेली की घाम, चिडचिड, हाडं यांबद्दल आपण आता बोलतो. हृदयाचं नाव कुणी काढत नाही, आणि मला तेच खटकतं.

इस्ट्रोजेन हृदयाच्या स्नायूवरही काम करतं, रक्तवाहिन्या सैल ठेवायला मदत करतं. ते कमी झालं, त्यात वय आणि बीपीची भर पडली, की हा स्नायू ताठर होऊ शकतो. हृदय आकुंचन नीट पावतं, पण दोन ठोक्यांच्या मधे पुरतं सैल होत नाही; रक्त भरायला अडचण येते. मग देरासरच्या पायऱ्या चढताना धाप लागते, संध्याकाळी पाय सुजतात. इकोत 'ईएफ ६० टक्के' दिसलं की घरचे म्हणतात, "सगळं नॉर्मल, वय झालं आता." म्हणून डॉक्टरांना स्पष्टच विचारा, 'डायस्टोलिक' कसं आहे?

हार्मोनच्या गोळ्या मात्र हृदयासाठी मागू नका. अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिनच्या गोळ्यांनी हृदयाचं रक्षण झालं नाही. २००२ मध्ये तो भाग मुदतीआधीच थांबवला. (अंगातून वाफा येतात त्यासाठी देतात, तो विषय वेगळा.) बीपी, साखर, वजन सांभाळणं आणि रोज चालणं, हेच हाती आहे.

आणि पर्युषणात बीपीची गोळी परस्पर बंद करून अठ्ठाई? मला पटत नाही. पच्चक्खाण घेण्याआधी डॉक्टरांशी बोला. साता विचारायला जाल तेव्हा, धाप लागते का, हेही विचारा.