काठी त्यांची, हात आमचा, पाठही आमचीच

पहाटे साडेचारला पोरं पळतात. उल्हासनगरच्या कॅम्पांतली, अंबरनाथच्या मोरिवलीकडची, बदलापूरच्या मांजर्लीतली. वालधुनीच्या कडेनं, कंपन्यांच्या सांडपाण्याचा वास छातीत भरून घेत पळतात. फाटके बूट, आईनं बांधून दिलेले भिजवलेले हरभरे, आणि डोक्यात एकच आकडा : १६०० मीटर. मग १०० मीटर. मग गोळा. मैदानाचे पन्नास मार्क, लेखीचे शंभर. सात वाजले की हीच पोरं जीन्सच्या कारखान्यात, एमआयडीसीच्या पॅकिंगला, नाहीतर लोकलच्या दारात लटकून ठाण्याला. कुणाला विचारा, "काय रे, काय चाललंय?" छाती फुगवून सांगेल, "भरतीची तयारी."

या पोरांवर हसणारा आमचा कुणी नाही. आम्ही हसतोय ते ह्या तयारीला 'विकास' म्हणणाऱ्यांना.

सरकारची योजना आहे. पुण्याची बार्टी, म्हणजे बाबासाहेबांच्या नावाची संशोधन व प्रशिक्षण संस्था, अनुसूचित जातीच्या पोरापोरींना पोलिस आणि मिलिटरी भरतीआधीचं प्रशिक्षण देते. फुकट. वर विद्यावेतन. चांगली गोष्ट आहे. ज्याला मिळतंय त्यानं घ्यावं, हक्कानं घ्यावं, मान वर करून घ्यावं. पण जयंतीच्या बॅनरवर कुठल्याशा पुढाऱ्याचा हात जोडलेला फोटो आणि खाली 'मोफत पोलिस भरती मार्गदर्शन' असं वाचलं की आमचं डोकं सणकतं. मोफत? कुणाच्या बापाचं मोफत?

१९२८ साली सायमन कमिशनपुढं बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीनं बाबासाहेबांनी निवेदन दिलं. काय मागितलं होतं त्यात? अस्पृश्यांचं शिक्षण हा सरकारी तिजोरीवरचा पहिला बोजा समजा. लष्कर, आरमार आणि पोलिस यांत आमच्या भरतीला जातीची आडकाठी नको. आणि पुढं ऐका : प्रत्येक जिल्ह्यात अस्पृश्यांतलाच एक खास पोलिस इन्स्पेक्टर नेमण्याचा हक्क कायद्यानं मान्य करा. इन्स्पेक्टर! शंभर वर्षं होत आली. बाबासाहेबांनी इन्स्पेक्टर मागितला होता, ह्यांनी आम्हांला शिपायाच्या रांगेत उभं केलं आणि वर उपकाराची पावती मागतात.

आता हिशेब बघा. २०२४ च्या पोलिस भरतीत राज्यात १७,४७१ जागा आणि अर्ज सुमारे १७ लाख ७६ हजार. एका जागेला शंभर पोरं. एक आत, नव्व्याण्णव परत वस्तीत. त्या नव्व्याण्णवांचं काय? पळून पळून पाय दगड झालेले, बारावीनंतरचं कॉलेज अर्ध्यात सुटलेलं, आणि वय अंगावर आलेलं. पुढच्या भरतीची वाट बघत बसायचं, ती कधी निघेल ते मंत्रालयातल्या देवालाच ठाऊक.

आमच्याच चळवळीत याबद्दल दोन तट आहेत, आणि आम्हांला दोन्ही मान्य नाहीत.

एक म्हणतो, पोलिसात जाणं म्हणजे गद्दारी. ज्यांनी ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात गोळ्या घालून आमची दहा माणसं मारली, त्यांची वर्दी अंगावर चढवायची? सवाल खरा आहे. पण हा सवाल विचारणारा कॉम्रेड स्वतः कायम नोकरीत असतो आणि त्याचा पोरगा इंजिनीअरिंगला असतो. ज्या घरात बाप नाक्यावर उभा राहतो आणि आई चार घरची भांडी घासते, त्या घरच्या पोराला पगार, पीएफ आणि आईच्या औषधपाण्याची सोय सोडून दे म्हणायला जीभ कशी रेटते?

दुसरा म्हणतो, भरती हीच क्रांती. आपली माणसं आत घुसली की अत्याचार थांबतील. ह्या दुसऱ्याला जरा गावाकडं नेऊन आणावं लागेल.

दोस्तहो, कायदा-सुव्यवस्थेची चाकरी आम्हांला नवी नाही. आमचे आजे-पणजे पिढ्यान् पिढ्या तीच करत होते. गावाची राखण महारानं करायची. चोराचा माग महारानं काढायचा. सरकारी खजिना महारानं डोक्यावरून पोचवायचा. साऱ्यासाठी कुणब्याला चावडीवर महारानं बोलवायचं. हातात काठी होती, म्हणून काय गावावर सत्ता होती? काठी पाटलाची, हुकूम कुलकर्ण्याचा, आणि महाराच्या वाट्याला शिळी भाकर, इनामाचा तुकडा, आणि मेलेलं ढोर. त्याला 'वतन' म्हणत! ह्या वतनाचं जू मानेवरून काढायला बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात बिल आणलं. त्यांच्या हयातीत वतन गेलं नाही, १९५८ च्या कायद्यानं गेलं. ज्या साली त्यांनी बिनअधिकाराच्या काठीविरुद्ध बिल आणलं, त्याच साली त्यांनी इन्स्पेक्टर मागितला. हे दोन वेगळे मुद्दे नाहीत. एकच आहे. काठी नको, अधिकार पाहिजे.

म्हणून आम्ही विचारतो : शिपाईगिरी ही पगारी महारकी तर होत नाहीय ना?

खैरलांजी आठवा. २९ सप्टेंबर २००६. भोतमांगे कुटुंबातली चार माणसं ठेचून मारली. तपासाचा पार चिखल झाला. पुढं न्यायालयात ॲट्रॉसिटीचं कलमसुद्धा टिकलं नाही. आणि आनंद तेलतुंबडे यांनी २००८ च्या पुस्तकात जे दाखवून दिलं ते वाचताना घशात घास अडकतो : त्या साखळीत पोलिस, डॉक्टर, सरकारी वकील अशी कितीतरी माणसं दलितच होती. आपलीच! कायद्यानं तर आपल्या माणसावर केवढा विश्वास टाकलाय बघा. १९८९ च्या ॲट्रॉसिटी कायद्याचं कलम ४ म्हणतं, कर्तव्यात मुद्दाम कसूर करणारा लोकसेवक अनुसूचित जाती-जमातीचा नसेल तर त्याला शिक्षा. म्हणजे आपला माणूस कसूर करणारच नाही, असं कायदा धरून चालला. खैरलांजीनं तो विश्वास मातीत घातला.

लांब कशाला, बदलापूर घ्या. ऑगस्ट २०२४. शाळेत दोन चिमुरड्या पोरींवर अत्याचार. आईबाप तक्रार घेऊन गेले तर तासन् तास ताटकळत बसवलं. ठाण्याची प्रमुख बाई होती. बाई होती म्हणून बाईचं दुःख कळलं? २० ऑगस्टला सगळं बदलापूर रुळावर उतरलं, तेव्हा कुठं निलंबनाचे कागद फिरले. सप्टेंबरात आरोपीला पोलिसांच्या गाडीतच गोळी घातली, आणि जानेवारी २०२५ मध्ये न्यायदंडाधिकाऱ्यांच्या चौकशीनं पाच पोलिसांवर ठपका ठेवला. आधी तक्रार घ्यायची नाही, मग खटलाच चालू द्यायचा नाही. याला कायद्याचं राज्य म्हणतात?

मतलब काय, की वर्दीत कोण आहे एवढ्यानं भागत नाही. वर्दीतल्या माणसाच्या हातात पेन आहे की फक्त काठी, आणि त्याच्या डोक्यात काय आहे, ह्यावर सगळं ठरतं. ॲट्रॉसिटीचा तपास कुणी करायचा? १९९५ च्या नियमांतला नियम ७ सांगतो : उपअधीक्षकाच्या खालच्या दर्जाच्या माणसानं नाही. आमचा शिपाई त्या उपअधीक्षकाची गाडी चालवतो. पंचनाम्याला टेबल उचलतो. आणि मोर्चा आला की पहिल्या फळीत उभा करतात त्याला. समोर निळा झेंडा घेतलेला त्याचाच मावसभाऊ. काठी त्यांची, हात आमचा, पाठही आमचीच.

फौजदार व्हायला पदवी लागते. उपअधीक्षक व्हायला पदवी लागते. वकील व्हायला, सरकारी वकील व्हायला, न्यायाधीश व्हायला पदवी लागते. म्हणजे खरी पोलिस शिष्यवृत्ती कुठली? कॉलेजची! बाबासाहेबांनी १९४२ साली व्हाइसरॉयपुढं गाऱ्हाणं मांडलं, आणि १९४४ पासून मॅट्रिकनंतरची शिष्यवृत्ती सुरू झाली. त्या पैशावर आमची पहिली पिढी कॉलेजात गेली. आज तिचं काय चाललंय ते तिन्ही गावांतल्या कुठल्याही पोरीला विचारा. उत्पन्नाची मर्यादा वर्षानुवर्षं अडीच लाखांवर. महाडीबीटीवर अर्ज भरा, कागद चढवा, आणि बसा. फी न घेता प्रवेश द्या, असे सरकारचे आदेश आहेत. पण कॉलेजच्या खिडकीवरचा बाबू म्हणतो, "पैसे आले की मार्कशीट ने." पोरगी सेमिस्टर सोडते आणि पॅकिंगला जाते.

पैसा नाही म्हणतात. मे २०२५ मध्ये सामाजिक न्याय खात्याचे ४१० कोटी लाडकी बहीण योजनेकडं वळवले. खुद्द त्या खात्याचे मंत्री संजय शिरसाट जाहीर बोलले की खातंच बंद करून टाका. आमच्या बहिणीला पैसे द्यायला आमचा विरोध नाही. पण धाकट्या बहिणीच्या फीचे पैसे काढून थोरलीच्या हातात ठेवायचे आणि भाऊबीज म्हणून मिरवायचं, ही कुठली रीत?

आता सगळ्यात कडू गोष्ट. सरकार एका हातानं पोराला भरतीसाठी पळवतं आणि दुसऱ्या हातानं त्याची वाट अडवतं. ३० नोव्हेंबर २००६. कानपूरला बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली आणि इथं उल्हासनगरजवळ डेक्कन क्वीनचे डबे जळाले. आधी प्रवासी उतरवले होते, हे सांगायला मात्र पुढं कुणाला वेळ नव्हता. राज्यभर धरपकड झाली. मग जानेवारी २०१८, भीमा कोरेगावच्या हल्ल्यानंतरचा बंद. पुन्हा केसेस. २०२० साली सरकारनं त्यातल्या शेकडो मागं घेतल्याचं जाहीर केलं. पण सगळ्या नाही.

आमच्या शेजारच्या चाळीतला एक पोरगा. नाव सांगत नाही, ठाण्याचंही सांगत नाही. बंदच्या दिवशी स्टेशनजवळ उभा होता. जमावात नाव टाकलं. पुढं त्यानं मैदान मारलं, लेखी मारली, आणि चारित्र्य पडताळणीत अडकला. चारित्र्य! अन्यायाच्या दिवशी घरात बसला नाही, हा त्याच्या चारित्र्याला डाग. आई विचारते, "झेंडा धरल्यावर नोकरी नाय मिळत व्हय रं?" काय सांगायचं त्या माउलीला?

आणि परभणी. संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना १० डिसेंबर २०२४ ला. दुसऱ्या दिवशी बंद, मग भीमवस्त्यांत पोलिसांची झडती. सोमनाथ सूर्यवंशी, वडार घरातला, कायद्याचं शिक्षण घेणारा तरुण. १५ डिसेंबरला कोठडीत मेला. गुन्हा नोंदवा, असं सांगायला जुलै २०२५ मध्ये हायकोर्टाला आदेश द्यावा लागला, तरी सरकार त्याविरुद्ध सुप्रीम कोर्टात गेलं आणि हरून आलं. कायदा शिकणाऱ्या आमच्या पोराला कायदा राबवणाऱ्यांच्या ताब्यातून जिवंत परत येता येत नसेल, तर शिष्यवृत्तीच्या अर्जात 'भविष्यातील ध्येय' या रकान्यात त्यानं काय लिहावं?

तरीही आम्ही म्हणतो, जा. पोलिसात जा. मैदान सोडू नका. सोडलेल्या जागेवर कोण बसतं ते आपण हजारो वर्षं बघितलंय. पण जाताना मागणी घेऊन जा.

ॲट्रॉसिटी नियमांतला नियम १३ पाठ करा. पोलिस दलात सर्व पातळ्यांवर, खास करून चौकी आणि ठाण्याच्या पातळीवर, अनुसूचित जाती-जमातींचं पुरेसं प्रतिनिधित्व असेल हे बघणं राज्य सरकारची जबाबदारी आहे. सर्व पातळ्यांवर! निव्वळ तळाच्या नाही. माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या प्रत्येक ठाण्यात टाका. किती शिपाई आपले, किती फौजदार आपले, किती निरीक्षक आपले? आकडे वस्तीच्या फळ्यावर लिहा. बार्टीला सांगा, चार महिन्यांची धाव पुरे नाही. पोरगं पदवी होईस्तोवर सांभाळा, फौजदाराच्या परीक्षेपर्यंत न्या. कॉलेजची शिष्यवृत्ती वेळेवर द्या, मग पोलिसही होतील आणि पोलिसांना कोर्टात खेचणारे वकीलही होतील. बंदच्या केसेस मागं घ्या. आणि जो आपला शिपाई आत गेलाय, त्याला एकटं पाडू नका. तो खोट्या पंचनाम्यावर सही करायला नकार देईल त्या दिवशी त्याच्या बदलीविरुद्ध वस्ती उभी राहिली पाहिजे. वस्ती मागं नसेल तर तो सही करणार. आपण केली नसती, असं छातीवर हात ठेवून सांगणारा कोण आहे आपल्यात?

उद्या पहाटे पोरं पुन्हा पळतील. त्यांच्या हातात गोळा आहे, छातीत वालधुनीचा वास आहे. पळणं झालं की त्यांना विहारात बोलवा. घोटभर चहा पाजा. आणि कायद्याचं पुस्तक समोर ठेवून कलम ४ मोठ्यानं वाचायला लावा.

जय भीम.