गोगलगाय, पोटात पाय

२०१० सालची गोष्ट. सिडनीत काही मित्र रात्री गप्पा मारत बसले होते. समोरून एक बिनशंखाची गोगलगाय चालली होती. 'खाऊ का?' असा विषय निघाला आणि १९ वर्षांच्या एका रग्बी खेळाडूने ती गिळलीसुद्धा! पुढे तो वर्षाहून जास्त काळ कोमात होता. शुद्धीवर आला तो लुळा होऊन. २०१८ मध्ये गेला. वय २८. म्हणजे माझ्याच वयाचा.

कारण काय, तर उंदराच्या फुफ्फुसातला कृमी. अँजिओस्ट्राँगायलस कँटोनेन्सिस. १९३५ मध्ये चीनमधल्या कँटनच्या उंदरांत सापडला म्हणून हे नाव. त्याच्या अळ्या उंदराच्या लेंड्यांतून बाहेर पडतात, लेंड्या गोगलगाय खाते, गोगलगायीला उंदीर. मग त्या उंदराच्या मेंदूत वाढून फुफ्फुसाकडे परततात. लूप पूर्ण. माणूस या लूपमध्ये नाहीच. आपल्या पोटात गेल्याच, तर त्या बहुधा मेंदूपर्यंत पोचून तिथेच मरतात आणि मेंदूच्या आवरणाला सूज येते. बहुतेक लोक आपोआप बरे होतात. बहुतेक, सगळे नाही.

'मूर्खच होता' म्हणणं सोपं आहे. मला ते पटत नाही. कॉलेजात असताना पावसाळी ट्रेकला पैजेवर आपण काय काय केलंय, आठवा जरा. आपण वाचलो ते अक्कल होती म्हणून नाही, नशीब होतं म्हणून. आणि अशा वेळी 'हिंमत आहे का?' विचारणाऱ्याला काहीच गिळावं लागत नाही, हे कुणी बोलत नाही.

दुसरं टोक म्हणजे घाबरून सॅलड बंद करणं. त्याचीही गरज नाही. पालेभाजी पान न् पान वाहत्या पाण्याखाली धुवा, गोगलगायी खात असाल तर नीट शिजवून खा. मुंबईत पावसाळ्यात सोसायटीच्या भिंतीवर मोठ्या आफ्रिकन गोगलगायी चढतात, पोरं त्या हौसेने उचलतात. ओरडू नका, साबणाने हात धुवायला लावा. आणि कच्ची गोगलगाय पोटात गेल्यावर काही दिवसांनी डोकं भयंकर दुखलं, मान आखडली, तर लाज न बाळगता डॉक्टरांना ते सांगा. ते आपणहून कशाला विचारतील?

पुढच्या ट्रेकला कुणी पैज लावलीच, तर 'आधी तू' म्हणायचं. बहुतेक पैजा तिथेच संपतात.