वाटाण्याएवढी मालकीण

घरातले माणूस बदलले तर ते सर्वांत शेवटी कोणाला कळते? घरातल्यांना! विधान चमत्कारिक वाटेल. पण शिर्डीसारख्या गावी दवाखाना चालविणाऱ्या माझ्यासारख्याला त्याचा पडताळा येतो. रोज सकाळी चहाचा पेला हाती देणाऱ्या पत्नीला नवऱ्याचे नाक रुंद झालेले दिसत नाही. चार वर्षांनी भेटणाऱ्या मावसभावाला ते दारातच दिसते. यंदा अशाच एका चोरपावलांनी येणाऱ्या दुखण्याविषयी लिहावयाचे आहे. हे दुखणे म्हणजे पीयूषिका ग्रंथीची गाठ. 'डोक्यात गाठ' हे शब्द ऐकून वाचकांनी फराळाचे ताट बाजूला सारू नये. ही गाठ बहुधा कर्करोगाची नसते, आणि तिच्यासह पुष्कळ माणसे चांगला संसार करीत असतात.

मेंदूच्या तळाशी, नाकाच्या मुळामागे, हाडाच्या एका खोबणीत ही ग्रंथी बसलेली असते. आकार वाटाण्याएवढा, वजन जेमतेम अर्धा ग्रॅम. खोबणीचा घाट पाहून शरीरशास्त्रज्ञांनी तिला 'तुर्की खोगीर' असे नाव दिले. मेंदूतला कफ येथून नाकात झिरपतो अशी युरोपातील जुन्या वैद्यांची समजूत होती. म्हणून ग्रंथीचे 'पिट्युटरी' हे नावच मुळी कफावरून पडले. आपल्या भाषेने मात्र तिला पीयूष म्हणजे अमृत बहाल केले!

एकत्र कुटुंबात किल्ल्यांचा जुडगा कमरेला लावून बसलेली थोरली बाई असते ना, तसा हिचा कारभार. गळ्यातली अवटू ग्रंथी, मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी, स्त्रीचे बीजकोश, पुरुषाचे वृषण हे सारे तिच्या हुकमाने चालतात. मुलांची उंची, आईचे दूध, लघवीचे प्रमाण, यांवरही तिचीच नजर.

या ग्रंथीत गाठ झाली म्हणजे तीन प्रकारांनी त्रास होतो. गाठ एखादा स्राव बेसुमार तयार करते. किंवा वाढून शेजारच्या भागांवर दाब आणते. किंवा त्या दाबाने मूळ ग्रंथीच दुबळी होऊन तिचे स्राव आटतात. काही गाठी यांतले काहीच करीत नाहीत. मरणोत्तर तपासण्यांत दहांतल्या एखाद्या माणसाच्या ग्रंथीत तरी अशी बारीक गाठ सापडते, आणि तिने त्याला जन्मभर कधी छळलेले नसते.

पहिल्या प्रकाराचे एक उदाहरण सांगतो. मुंबईचे एक गृहस्थ दरवर्षी सहकुटुंब दर्शनाला येत. दर्शन झाले की बाजारातल्या फोटोवाल्याकडे सर्वांनी उभे राहून फोटो काढावयाचा, हा त्यांचा नेम. एकदा किरकोळ पडशासाठी माझ्याकडे आले. हात पाहिला तर बोटे जाड, पंजा रुंद. विचारले, तेव्हा बाई हसून म्हणाल्या, "अहो डॉक्टर, यांची लग्नातली अंगठी दोनदा सोनाराकडे नेऊन मोठी केली. चपलेचा नंबरही वाढला. सुख मानवतंय, दुसरं काय!" घोरणेही वाढले होते, घाम फार येत होता, रक्तात साखर निघाली होती. मी त्यांना घरचे सारे फोटो ओळीने मांडून पाहण्यास सांगितले. बारा वर्षांचे बारा फोटो! एकाशेजारचा दुसरा पाहिला तर फरक नाही. पहिला आणि बारावा पाहिला तर जणू दोन निरनिराळे भाऊ. भुवयांची हाडे पुढे आलेली, जबडा लांबलेला, दातांत फटी पडलेल्या.

फ्रान्समधील पिअर मारी या डॉक्टरांनी 1886 साली या रोगाला 'अॅक्रोमेगली' हे नाव दिले. वृद्धिसंप्रेरक जास्त झाल्याने हा होतो. लहानपणी झाला तर माणूस ताडासारखा उंच होतो. हाडांची लांबी वाढणे थांबल्यावर झाला तर हातपाय आणि चेहरा रुंदावतो. 'द ग्रेट खली' या नावाने प्रसिद्ध असलेले कुस्तीगीर दलीपसिंह राणा यांच्या याच ग्रंथीतील गाठीवर 2012 साली अमेरिकेत शस्त्रक्रिया झाली. म्हणजे ज्या देहाचे जग कौतुक करते, त्याच्यामागेही कधी कधी असा वाटाणा असतो.

स्त्रियांच्या बाबतीत अधिक आढळते ती दुधाचे संप्रेरक, म्हणजे प्रोलॅक्टिन, वाढविणारी गाठ. पाळी अनियमित होते किंवा थांबते, मूल अंगावर नसताना दूध येते, दिवस राहत नाहीत. अशा किती सुनांनी घरात टोमणे ऐकले असतील! नवस बोलावा, पण त्याबरोबर रक्ताची एक तपासणीही करावी. हिला बहुधा शस्त्रक्रियाही लागत नाही. आठवड्यातून एकदोनदा घ्यावयाच्या कॅबरगोलिनच्या गोळ्यांनी पुष्कळ जणींची गाठ आक्रसते, पाळी सुरू होते आणि पाळणाही हलतो.

इतर गाठींवर मुख्य उपाय शस्त्रक्रियेचा, आणि तीही नाकाच्या वाटेने! ऑस्ट्रियातील इन्सब्रुक येथे हेर्मान श्लोफर यांनी 1907 साली या वाटेने पहिली शस्त्रक्रिया केली. आज सूक्ष्मदर्शकातून पाहत किंवा दुर्बीण नाकातून घालून गाठ काढतात. बहुतेकांची कवटी उघडावी लागत नाही. उरलेल्या गाठीसाठी औषधे आणि किरणोपचार आहेत. आमच्या गृहस्थांची शस्त्रक्रिया मुंबईत झाली. घोरणे कमी झाले, बोटांची सूज उतरली. वाढलेला जबडा मात्र तसाच राहिला. हाड एकदा वाढले की मागे फिरत नाही. म्हणून निदान लवकर व्हावयास हवे.

आता सर्वांत महत्त्वाचे. गाठीमुळे किंवा शस्त्रक्रियेनंतर ज्यांची ग्रंथी दुबळी होते, त्यांना अधिवृक्काचा स्राव, म्हणजे हायड्रोकॉर्टिसोन, गोळ्यांच्या रूपाने रोज घ्यावा लागतो, बहुतेकांना जन्मभर. ही गोळी एकाएकी बंद केली तर रक्तदाब कोसळून प्राणावर बेतते. हे मी शिर्डीत बसून लिहितो याला कारण आहे. रामनवमीला मुंबई-पुण्याहून पालख्यांबरोबर माणसे पायी येतात. कोणी गुरुवारचा कडक उपवास धरते, कोणी "बाबांच्या पायाशी आलो, आता औषध नको" म्हणून गोळ्यांची पुडी घरीच ठेवते. अशी एक तरुण मुलगी दर्शनबारीत कोसळली होती. खिशात तिचा रोग लिहिलेला कागद नसता, तर नुसती उन्हाची घेरी म्हणून तिला लिंबूसरबतच पाजले असते!

म्हणून अशा रुग्णांनी कागद सदैव जवळ ठेवावा. ताप आला तर गोळी किती वाढवावयाची, उलटी झाली तर इंजेक्शन केव्हा घ्यावयाचे, हे आपल्या डॉक्टरांकडून लिहून घ्यावे आणि घरातल्या एकाला तरी पाठ असावे. फार तहान आणि फार लघवी होणाऱ्यांनी आपले औषध बरोबर बाळगावे. गर्दीत दोन्ही बाजूंची माणसे दिसत नसतील, धक्के बसत असतील, तर नुसता चष्मा बदलू नये. दृष्टीच्या नसांवर गाठीचा दाब असू शकतो. आणि एकाएकी भयंकर डोके दुखून उलट्या झाल्या, दिसेनासे झाले, तर क्षणही न दवडता मोठे रुग्णालय गाठावे.

देवाने वैद्य नको म्हटल्याचे मला तरी ठाऊक नाही. ज्या संस्थानात उदी मिळते, त्याच संस्थानाची श्री साईनाथ रुग्णालय आणि श्री साईबाबा रुग्णालय ही दोन इस्पितळे या गावी चालतात. भाविकाने यातून काय ते ओळखावे. श्रद्धा आणि सबुरी हे दोन शब्द येथे भिंतोभिंती दिसतात. या दुखण्यात सबुरी म्हणजे वाट पाहत बसणे नव्हे. वर्षानुवर्षे, न चुकता, वेळच्या वेळी गोळी घेणे आणि तपासणीला जाणे, हीच सबुरी.

तेव्हा वाचकहो, भाऊबिजेला सारी मंडळी जमली, म्हणजे जुने फोटो जरूर बाहेर काढा. हसा, आठवणी काढा, आणि कोणाचा चेहरा फारच बदललेला दिसला, तर नुसतेच "वय झालं!" म्हणून सोडून देऊ नका.