नकली सर्व्हरला बिघडू द्या

दूरच्या मशीनवर कमांड चालवणारा कोड आपल्यापैकी अनेकांच्या पदरी असतो. बॅकअप, डिप्लॉयमेंट, लॉग गोळा करणे अशी त्याची कामे. त्याच्या युनिट टेस्ट मात्र बहुधा दोनच तऱ्हांच्या दिसतात. काही सामायिक टेस्ट मशीनवर विसंबतात. ते बंद पडले की सगळ्या लाल. काहींमध्ये एसएसएच लायब्ररीचा क्लासच मॉक केलेला असतो. तिथे लायब्ररीबद्दलची आपली समजूत आपणच लिहितो आणि आपणच तपासतो. समजूत चुकली तरी टेस्ट हिरवीच.

त्यापेक्षा टेस्टच्याच प्रोसेसमध्ये छोटा एसएसएच सर्व्हर उभा करावा. जावात अपाची मिना एसएसएचडी आहे, पायथनमध्ये पॅरामिकोच सर्व्हरची बाजूही देते. पोर्ट 0 मागितला की ऑपरेटिंग सिस्टिम मोकळा पोर्ट काढून देते. होस्ट की आपणच बनवलेली असते, तेव्हा ती न तपासण्याची सवलत टेस्टमध्येही घेऊ नये. ती एक ओळ प्रॉडक्शनमध्ये कशी पोहोचते, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

पण असे बहुतेक सर्व्हर फारच आज्ञाधारक लिहिले जातात: कमांड आली, ‘ओके’ गेले, शून्य परतले. खरी किंमत आहे ती बिघडू शकणाऱ्या सर्व्हरला. 2006 च्या आरएफसी 4254 नुसार एक्झिट स्टेटस पाठवण्याची शिफारस आहे, सक्ती नाही. ते न पाठवता चॅनेल बंद झाले तर पॅरामिको -1 देते. तुमचा कोड ‘शून्याहून मोठे म्हणजे चूक’ असे तपासत असेल, तर अर्ध्यात तुटलेला बॅकअप यशस्वी म्हणून नोंदला जाईल. तसेच आउटपुटचे. काही मेगाबाइट मजकूर पाठवून पाहा. तो न वाचताच एक्झिट स्टेटसची वाट पाहणारा क्लायंट अडकतो: चॅनेलची विंडो भरलेली, सर्व्हर ती रिकामी होण्याची वाट पाहतोय आणि क्लायंट सर्व्हरची. दोन ओळींच्या उत्तरात हे कधीच दिसत नाही.

एक गोष्ट मात्र या सर्व्हरकडून होणार नाही. एसएसएचवरून कमांड जाते ती एकसंध स्ट्रिंग म्हणून. तिचे तुकडे पलीकडचा शेल पाडतो. आपल्या सर्व्हरमागे शेलच नाही. त्यामुळे नावात स्पेस असलेली फाइल अवतरणचिन्हांशिवाय पाठवली तरी तो खुशाल होकार देईल, आणि पुसायची कमांड असेल तर खऱ्या मशीनवर भलतेच काही पुसले जाईल. एवढ्यासाठी कंटेनरमध्ये खरे ओपनएसएसएच हवेच. त्या मोजक्या टेस्ट रात्रीच्या बिल्डमध्ये चालवल्या तरी पुरे.