नर्मदाकाठचा आदिमानव आणि आपली सहल

आदिमानवाचा पाठ आला की मुले आफ्रिका म्हणतात. बरोबरच आहे. दक्षिण आफ्रिकेत टाउंग येथे १९२४ साली चुनखडीच्या खाणीत एका बालकाची कवटी सापडली आणि विद्वानांचे लक्ष तिकडे वळले. पण नेमावरला आपण जिच्यात स्नान करतो, त्याच नर्मदेच्या काठी, वरच्या अंगाला सीहोर जिल्ह्यात हथनोरा आहे, हे किती जणांना ठाऊक आहे? तेथे ५ डिसेंबर १९८२ रोजी भूवैज्ञानिक अरुण सोनकिया यांना जुन्या खडीच्या थरात मानवी कवटीचा भाग मिळाला. तो कोणत्या मानवजातीचा, यावर आजही वाद आहे. वाद असू द्या, मुलांनी तोही ऐकावा.

माझी काळजी निराळी आहे. काठ खोदून रेती-खडी उपसली की असे थर कायमचे जातात. हौसेने खिशात घातलेला दगडही थरातून सुटला की मुका होतो. तो किती जुना, हे मग कोण सांगणार? म्हणून मुलांनी पाहावे, वहीत चित्र काढावे, उचलू नये.

भीमबेटकाची चित्रे १९५७ साली उजेडात आणणारे डॉ. विष्णु श्रीधर वाकणकर नीमचचे, म्हणजे आपल्याच माळव्यातले मराठी माणूस. तरी आपली सहल दरवर्षी बागेत आणि झोपाळ्यांवर जाते! यंदा ती भीमबेटका आणि हथनोराला न्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. खर्च थोडा वाढेल. विश्वस्तांच्या पुढील बैठकीत मी हा विषय ठेवणार आहे. पालकांनी आपले म्हणणे त्याआधी कळवावे.